युद्धाचा निर्णय आणि मत नोंदवण्याचे टाळणारे लोकप्रतिनिधी

महोदय,

जगात कोठेही युद्धाची ठिणगी पडली की आपल्या पत्रसदरात दोन प्रकारची पत्रे येतात. काही वाचक अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मनमानीवर टीका करतात, तर काहींचे म्हणणे असे असते की लष्करी कारवाई चालू असताना कायदेमंडळात चर्चा मागणे म्हणजे सैन्याचे मनोधैर्य खच्ची करणे होय. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की युद्ध आणि परराष्ट्र धोरण या क्षेत्रांत कायदेमंडळाच्या हाती फारसे काही नसते. अमेरिकेचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास वाचल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. तेथील अध्यक्षांनी अधिकार बळकावले हे खरे. परंतु बहुतेक वेळा ते त्यांना सहज मिळाले, कारण युद्धाच्या बाजूने किंवा विरोधात आपले मत नावानिशी नोंदले जाऊ नये अशी लोकप्रतिनिधींचीच इच्छा होती. आपल्या देशानेही यातून काही शिकावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेने १७८७ मध्ये ही वाटणी विचारपूर्वक केली होती. युद्ध घोषित करणे, सैन्य उभारणे आणि त्यासाठी पैसा मंजूर करणे हे अधिकार काँग्रेसला, म्हणजे तेथील कायदेमंडळाला मिळाले. सैन्यासाठीची तरतूद एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी करता येणार नाही, असेही बंधन घातले गेले. अध्यक्ष सरसेनापती झाले, पण परराष्ट्रांशी केलेल्या तहाला सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या, उपस्थित सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची संमती अनिवार्य ठरली. राजेरजवाड्यांनी स्वतःच्या कीर्तीसाठी प्रजेला युद्धात लोटल्याचा युरोपचा अनुभव घटनाकारांसमोर ताजा होता. अचानक झालेला हल्ला परतवण्याची मोकळीक अध्यक्षांना असावी, मात्र युद्ध सुरू करायचे की नाही हे त्यांनी एकट्याने ठरवू नये, असा तो विचार होता. शासनाच्या सर्व अंगांपैकी कार्यकारी अंगालाच युद्धाचा मोह सर्वाधिक असतो, असे घटनाकारांपैकी एक असलेले जेम्स मॅडिसन यांनी १७९८ मध्ये आपले सहकारी थॉमस जेफरसन यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्टपणे म्हटले आहे. या घटनेनुसार काँग्रेसने आजवर केवळ पाच युद्धांत रीतसर घोषणा केली असून, शेवटची घोषणा जून १९४२ मधील आहे. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक यांपैकी एकाही युद्धाची घोषणा झालेली नाही.

हा संघर्ष अलीकडचा नाही, हे दाखवणारे एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. १८४६ मध्ये अध्यक्ष जेम्स पोक यांनी मेक्सिकोचाही दावा असलेल्या प्रदेशात सैन्य पाठवले, तेथे चकमक घडली आणि अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकी रक्त सांडले आहे असे सांगून त्यांनी काँग्रेसकडून युद्धाची घोषणा करवून घेतली. डिसेंबर १८४७ मध्ये प्रतिनिधिगृहात, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, नुकतेच दाखल झालेले अब्राहम लिंकन यांनी एकामागून एक ठराव मांडून अध्यक्षांना विचारले की हे रक्त नेमक्या कोणत्या जागी सांडले आणि ती जागा खरोखर आपली होती काय. पुढच्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी नोंदवले की हे युद्ध अध्यक्षांनी अनावश्यक आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केले. युद्ध चालू असताना, सैनिक रणांगणावर असताना हे मतदान झाले आणि त्यामुळे त्या देशाचे काही बिघडले नाही. हेच लिंकन १८६१ मध्ये स्वतः अध्यक्ष असताना यादवी युद्ध पेटले, तेव्हा अधिवेशन चालू नव्हते आणि त्यांनी काँग्रेसच्या संमतीवाचून दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली व सैन्यभरती वाढवली. मात्र ४ जुलै रोजी त्यांनी विशेष अधिवेशन बोलावले, आपण काय केले आणि का केले याचा लेखी खुलासा पाठवला व संमती मागितली. संकटकाळी कार्यकारी प्रमुखाला आधी कृती करावी लागेल, हे मला मान्य आहे. त्यानंतर त्याने सभागृहासमोर येऊन हिशेब द्यावा, एवढीच अपेक्षा आहे, आणि लिंकन यांनी ती पूर्ण केली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच प्रथा मोडली. जून १९५० मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाच्या आधाराने कोरियात सैन्य उतरवले आणि काँग्रेसकडे संमती मागितलीच नाही. तीन वर्षे चाललेल्या त्या युद्धात तीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले. व्हिएतनामच्या बाबतीत संमती मागितली गेली, पण ती ज्या रीतीने दिली गेली ते वाचून आजही मन अस्वस्थ होते. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सांगितले. त्यांतील ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. तरीही ७ ऑगस्ट रोजी, म्हणजे अवघ्या तीन दिवसांत, आवश्यक ती सर्व पावले उचलण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. विरोध करणारे ते दोन सिनेटर होते वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. पाचशे लोकप्रतिनिधींपैकी दोघांनाच पुरावा मागावासा वाटला, आणि त्या ठरावाच्या बळावर चाललेल्या युद्धात अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक व लाखो व्हिएतनामी माणसे प्राणास मुकली. ठराव जानेवारी १९७१ मध्ये रद्द झाला, तरी युद्ध चालूच राहिले. मधल्या काळात, १९६९ पासून, कंबोडियावर बॉम्बफेक करण्यात आली आणि ती काँग्रेसपासून लपवून ठेवली गेली.

या अनुभवातून नोव्हेंबर १९७३ मध्ये युद्धाधिकारांविषयीचा कायदा झाला. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो मोडून काढला. सैन्य संघर्षात उतरवल्यापासून ४८ तासांत काँग्रेसला कळवावे, ६० दिवसांत संमती न मिळाल्यास कारवाई थांबवावी आणि माघारीसाठी गरज असल्यास आणखी ३० दिवस घ्यावेत, असे हा कायदा सांगतो. केवळ काँग्रेसच्या ठरावाने, अध्यक्षांच्या स्वाक्षरीवाचून, सैन्य परत बोलावण्याची तरतूदही त्यात होती. परंतु १९८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका स्थलांतरविषयक खटल्यात असे ठराव घटनाबाह्य ठरवले आणि त्यामुळे या तरतुदीतील बळ गेले. आता सैन्य परत बोलावण्याचा ठराव अध्यक्षांकडे स्वाक्षरीसाठी जातो, अध्यक्ष त्यावर नकाराधिकार वापरतात आणि तो मोडण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. या बदलाचा अर्थ फारसा लक्षात घेतला जात नाही, म्हणून तो थोडा स्पष्ट करतो. घटनाकारांच्या मते युद्ध सुरू करण्यासाठी बहुमत हवे होते. आज अध्यक्षांनी सुरू केलेले युद्ध चालू राहण्यासाठी एका सभागृहातील एक तृतीयांशाहून थोडे अधिक सदस्य पाठीशी असले तरी पुरते. २०१९ मध्ये येमेनमधील युद्धातून अमेरिकेचा सहभाग काढून घेण्याचा ठराव सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ आणि प्रतिनिधिगृहात २४७ विरुद्ध १७५ मतांनी संमत झाला. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तो एप्रिलमध्ये फेटाळला, नकाराधिकार मोडण्याइतकी मते सिनेटमध्ये मिळाली नाहीत आणि दोन्ही सभागृहांचे स्पष्ट बहुमत कागदावरच राहिले. इराणविषयीच्या ठरावाचे २०२० मध्ये हेच झाले.

असे असले तरी सगळा दोष न्यायालयाला किंवा अध्यक्षांना देणे मला पटत नाही. १९९९ मध्ये युगोस्लाव्हियावरील हवाई हल्ले चालू असताना त्यांना पाठिंबा देण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात आला आणि २१३ विरुद्ध २१३ अशी समान मते पडून नापास झाला. त्याच सभागृहाने युद्ध थांबवण्याचे प्रस्तावही नामंजूर केले. होकारही नाही आणि नकारही नाही, अशा स्थितीत हल्ले ७८ दिवस, म्हणजे कायद्यातील साठ दिवसांची मुदत उलटून गेल्यावरही, चालू राहिले. २०११ मध्ये लिबियातील कारवाई साठ दिवसांपुढे गेली, तेव्हा अध्यक्ष बराक ओबामा यांच्या प्रशासनाने असा युक्तिवाद केला की जमिनीवर सैन्य नसल्यामुळे आणि प्रतिहल्ल्याचा धोका अल्प असल्यामुळे हा कायदा येथे लागूच होत नाही. काँग्रेसमध्ये नाराजी व्यक्त झाली, कारवाई मात्र थांबवली गेली नाही. २०१३ मध्ये सीरियावर हल्ला करण्यासाठी ओबामा यांनी स्वतःहून संमती मागितली, तेव्हा दोन्हीपैकी एकाही सभागृहाने त्यावर अंतिम मतदान केले नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ब्रिटनच्या संसदेने मात्र याच प्रश्नावर आपल्या पंतप्रधानांचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला आणि डेव्हिड कॅमेरॉन यांनी तो निर्णय मान्य केला. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर तीनच दिवसांत दिलेल्या बळप्रयोगाच्या संमतीविषयी तर काय लिहावे? प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असे मतदान झाले. विरोधी मत देणाऱ्या बार्बरा ली यांना तेव्हा धमक्या सहन कराव्या लागल्या, आणि पुढील दोन दशके वेगवेगळ्या अध्यक्षांनी त्याच ठरावाचा आधार घेऊन अनेक देशांत कारवाया केल्या. जून २०२५ मध्ये इराणमधील अणुकेंद्रांवर हल्ले झाल्यानंतर पुढील कारवाईसाठी संमती अनिवार्य करणारा ठरावही सिनेटने ४७ विरुद्ध ५३ मतांनी नाकारला. युद्ध यशस्वी झाले तर अध्यक्षांसोबत उभे राहता यावे आणि फसले तर त्यांना दोष देता यावा, ही सोय मतदान न करणाऱ्याला आपोआप मिळते.

काँग्रेसने ठरवले तेव्हा मात्र तिच्या हातातील तिजोरीच्या किल्लीने काम केलेले आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात इंडोचायनातील लष्करी कारवाईसाठी १५ ऑगस्टनंतर पैसा मिळणार नाही असा कायदा झाला आणि कंबोडियावरील बॉम्बफेक त्या दिवशी थांबली. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूत अमेरिकी सैनिक मारले गेल्यानंतर सोमालियातील मोहिमेचा निधी ३१ मार्च १९९४ नंतर बंद करण्यात आला आणि सैन्य परतले. १९८६ मध्ये रोनाल्ड रेगन यांचा नकाराधिकार मोडून दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंध लादले गेले. परराष्ट्र धोरणात कायदेमंडळाचा नैतिक निर्णय अध्यक्षांच्या निर्णयापेक्षा श्रेष्ठ ठरला, त्याचे हे ठळक उदाहरण आहे.

कायदेमंडळ नेहमीच शहाणपणाने वागते, असा माझा दावा नाही. पहिल्या महायुद्धानंतर सिनेटने व्हर्सायचा तह नाकारला आणि राष्ट्रसंघ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना, अमेरिकेविनाच उभा राहिला. १९३० च्या दशकातील तटस्थतेच्या कायद्यांनी हिटलरच्या विस्ताराच्या काळात अध्यक्ष रूझवेल्ट यांचे हात बांधले. २०१७ मध्ये रशियावर निर्बंध घालणारा कायदा ९८ विरुद्ध २ आणि ४१९ विरुद्ध ३ अशा मतांनी संमत झाला. अध्यक्षांनी त्यावर नाइलाजाने स्वाक्षरी केली, आणि भारताने रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेण्याचा करार केला तेव्हा त्या कायद्याचे सावट आपल्यावरही आले. अशा चुका होतात. पण त्या उघड्यावर, नावानिशी केलेल्या मतदानाने होतात आणि म्हणून त्या कोणाच्या होत्या हे मतदाराला कळते.

वॉशिंग्टनमधील या वादाशी नवी मुंबईच्या वाचकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. मी नोकरीची बरीच वर्षे उरण परिसरातील कंटेनर यार्डांत काढली आहेत आणि आजही नेरुळ, सीवूड्स, बेलापूरच्या इमारतींत जहाजांवर नोकरी करणाऱ्यांची कुटुंबे माझ्या शेजारी राहतात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर हवाई हल्ले केले, आणि त्यासाठी काँग्रेसची संमती घेतली गेली नव्हती. न्हावा शेवा बंदरातून युरोपकडे जाणारी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला, भाडे कित्येक पटींनी वाढले आणि हे सारे नाशिकच्या द्राक्षांचे रीफर (शीतगृहासारखे थंड) कंटेनर निघण्याच्या ऐन हंगामात घडले. जहाजांवर हल्ले करणारे हुथी होते आणि नाविकांचे रक्षण व्हायलाच हवे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र असा निर्णय एका कार्यालयात होतो की सभागृहात प्रश्नोत्तरे होऊन होतो, यावर त्या कारवाईचा हेतू, मर्यादा आणि शेवट कोणाला तरी सांगावा लागतो की नाही हे ठरते. आणि ते आपल्याकडील शेतकऱ्याला व खलाशाच्या पत्नीलाही भोगावे लागते.

आता आपल्या देशाविषयी. आपली व्यवस्था संसदीय आहे. घटनेच्या ५३ व्या अनुच्छेदानुसार सैन्यदलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे असले, तरी त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल असे तेथेच म्हटले आहे, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. त्यामुळे अध्यक्ष विरुद्ध कायदेमंडळ असा संघर्ष येथे त्या रूपात होत नाही. युद्ध व शांतता, परराष्ट्र व्यवहार आणि तह हे विषय संघसूचीत आहेत, म्हणजे संसद त्यांवर कायदा करू शकते. परंतु सैन्य देशाबाहेर पाठवण्यापूर्वी किंवा पाठवल्यानंतर ठराविक दिवसांत संसदेसमोर यावे, असा कोणताही कायदा आपण आजवर केलेला नाही. तह करण्याच्या अधिकारावर संसदेची देखरेख असावी, अशी शिफारस न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ मध्ये केली होती. तिचे पुढे काही झाले नाही.

कायदा नसतानाही उत्तम परंपरा मात्र आपल्याकडे निर्माण झाली होती. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. संसदेचे अधिवेशन तातडीने बोलवा, अशी मागणी विरोधी पक्षांनी केली आणि तीत तरुण अटलबिहारी वाजपेयी अग्रभागी होते. पंडित नेहरूंनी अधिवेशन अलीकडे आणले आणि ८ नोव्हेंबरपासून, सीमेवर युद्ध चालू असताना, लोकसभेत आठवडाभर चर्चा झाली. दीडशेहून अधिक सदस्य बोलले. गुप्त बैठक घ्यावी, ही सूचना नेहरूंनी स्वीकारली नाही. सरकारवर कठोर टीका झाली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तर चर्चेच्या आधीच पद सोडावे लागले होते आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे ज्याचे वर्णन मराठी माणूस आजही अभिमानाने करतो, ते यशवंतराव चव्हाणांचे दिल्लीला जाणे त्याच नोव्हेंबरमधले. संसदेतील प्रश्नांमुळे सैन्याचे मनोधैर्य खचते असे म्हणणाऱ्यांनी हा महिना पुन्हा एकदा अभ्यासावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या पराभवाची कारणे तपासणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र सरकारने संसदेपुढे कधीच ठेवला नाही, याचीही नोंद करायला हवी. याउलट कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि त्यातून संरक्षण व्यवस्थेत सुधारणा झाल्या.

१९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवली गेली. श्रीलंकेशी कराराचा निर्णय सरकारने घेतला, सैन्य गेले आणि संसदेला त्यावर आधी मतदान करावे लागले नाही. मार्च १९९० मध्ये सैन्य परतले तोवर सुमारे बाराशे जवान धारातीर्थी पडले होते. त्या मोहिमेचे उद्दिष्ट काय, ती किती काळ चालणार, हे प्रश्न सुरुवातीलाच सभागृहात विचारले गेले असते तर काय घडले असते हे सांगता येणार नाही, पण ते विचारले जाणे त्या जवानांचा हक्क होता, असे मी मानतो. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरील आक्रमणाविरुद्ध एकमताने ठराव केला, आणि अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्य मागितले तेव्हा, त्याच वर्षी जुलैमध्ये, वाजपेयी सरकारने नकार दिला. त्या नकाराला लोकसभेच्या ठरावाचे पाठबळ होते. मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सर्वपक्षीय बैठका झाल्या, सर्व पक्षांच्या खासदारांची शिष्टमंडळे परदेशी गेली, त्यांत महाराष्ट्रातील खासदार आघाडीवर होते. परंतु विशेष अधिवेशनाची मागणी मान्य झाली नाही आणि संसदेत सविस्तर चर्चा जुलैच्या अखेरीस झाली. बैठकांमध्ये बंद दाराआड माहिती मिळते. सभागृहात ती नोंदली जाते आणि पुढच्या पिढीला वाचता येते. पहिली गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

माझे मागणे मर्यादित आहे. आधी संमती घ्या, असे मी म्हणत नाही. शत्रूला सावध करणारी कोणतीही अट घालणे चुकीचे ठरेल. सीमेपलीकडे सशस्त्र कारवाई झाल्यास किंवा सैन्य पाठवल्यास सरकारने कायद्याने ठरवलेल्या दिवसांत दोन्ही सभागृहांपुढे निवेदन करावे, अधिवेशन नसेल तर ते बोलवावे, चर्चा व्हावी आणि मोहीम लांबल्यास तिच्यावर नावानिशी मतदान व्हावे, एवढा एक छोटा कायदा संसदेने करावा. फ्रान्सने २००८ मध्ये घटनेतच अशी तरतूद केली आहे: तीन दिवसांत संसदेला माहिती आणि चार महिन्यांपुढे संसदेची परवानगी. राष्ट्राध्यक्षांना मोठे अधिकार देणाऱ्या देशाला जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

ऐरोली आणि बेलापूरचे आम्ही मतदार ठाणे लोकसभा मतदारसंघात येतो, उरण-पनवेलचे मतदार मावळमध्ये. प्रचारसभांमध्ये पाणी, लोकल, सिडकोची घरे यांवर प्रश्न विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. पण ज्या सभागृहात युद्ध आणि तहावर बोलण्याचा अधिकार आहे, त्याच सभागृहासाठी आपण हा माणूस निवडतो, हे आपण विसरतो. कोकणाने एकेकाळी बॅ. नाथ पै यांच्यासारखा, परराष्ट्र आणि संरक्षण या विषयांवर अभ्यासपूर्वक बोलणारा खासदार लोकसभेत पाठवला होता. ठाणे, कल्याण, भिवंडी आणि मावळ या चारही मतदारसंघांच्या खासदारांनी वर सुचवलेल्या कायद्याविषयी आपली भूमिका जाहीर करावी, आणि जुलै २०२५ च्या चर्चेत त्यांच्यापैकी कोण बोलले व काय बोलले, हे आपल्या दैनिकाने लोकसभेच्या अधिकृत कार्यवृत्तावरून वाचकांसाठी छापावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बंदर-व्यवहार कर्मचारी
नेरुळ, नवी मुंबई